पेशीविभाजनाची छायाचित्रे: आधी स्लाइड, मग प्रकाश, शेवटी कॅमेरा

उमरेड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कांद्याच्या मुळातील पेशीविभाजन ते दरवर्षी अकरावीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात, परंतु आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, मोबाइल धरून घेतलेली छायाचित्रे धूसर येतात. महाविद्यालयाने या कामासाठी पंधरा हजार रुपये मंजूर केले आहेत, तर त्यातून कोणता कॅमेरा घ्यावा, हा त्यांचा पहिला प्रश्न. इंटरनेटवर उत्तम चित्रे फुकट मिळत असताना स्वतः छायाचित्रे घेऊन विद्यार्थ्यांना नेमका काय लाभ होणार, या प्राचार्यांच्या शंकेला काय उत्तर द्यावे, हा दुसरा.

नागपुरात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून पेशीशास्त्राची प्रात्यक्षिके करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येत असतो. तो कॅमेऱ्याचा प्रश्न म्हणून विचारला जातो, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: छायाचित्र घेण्याजोगी स्लाइड तयार होते आहे का, त्या स्लाइडमधून येणारा प्रकाश नीट सांभाळला जातो का, आणि घेतलेले छायाचित्र वर्गात कोणत्या कामासाठी वापरायचे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले नसेल तर पहिल्या दोहोंवर घेतलेली मेहनत एखाद्या देखण्या चित्रापाशी थांबते. माझे मत आधीच सांगते. शिकवण्याच्या दृष्टीने मध्यावस्थेच्या (गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत आलेली अवस्था) एका निर्दोष चित्रापेक्षा, ज्यांत शेकडो पेशी जशा आहेत तशा दिसतात आणि ज्यांची पूर्ण नोंद ठेवलेली आहे अशा साध्या छायाचित्रांची मालिका कितीतरी अधिक मोलाची असते.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. सूक्ष्मदर्शकाचे 40 पट ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळचे भिंग, ओरखडे पडलेले किंवा आतून बुरशी धरलेले असेल तर पुढचा कोणताही उपाय फारसा उपयोगी पडणार नाही. विदर्भातल्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगांना बुरशी लागणे अगदी सामान्य आहे. आरशावर चालणारा जुना सूक्ष्मदर्शक आणि एलईडी दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक यांच्या अडचणीही वेगवेगळ्या असतात. आपण पाठवलेल्या वर्णनावरून ऑब्जेक्टिव्ह ठीक आहे आणि दिवा एलईडीचा आहे असे धरून मी पुढे लिहीत आहे.

धूसरपणाचे पहिले कारण बहुतेक वेळा स्लाइडमध्येच असते. 40 पट ऑब्जेक्टिव्हखाली एका वेळी साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा थरच स्पष्ट दिसतो. मुळाचा तुकडा नीट चिरडला गेला नसेल तर पेशींचे तीन-चार थर एकमेकांवर राहतात आणि आपण ज्या थरावर फोकस करतो त्याच्या वरच्या-खालच्या थरांचे धुके चित्रावर पसरते. डोळा सवयीने त्यातून वाट काढतो, कारण पाहताना आपला हात फाइन फोकसच्या चाकावर सतत फिरत असतो आणि मेंदू ते सगळे थर एकत्र करतो. कॅमेऱ्याला ती सोय नसते. म्हणून “डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण फोटोत येत नाही” ही तक्रार ऐकली की मी कॅमेरा न पाहता आधी स्लाइड मागते.

चांगल्या स्लाइडची सुरुवात कांद्यापासून होते. कळमन्याच्या बाजारात आलेला नुकताच काढलेला उन्हाळी कांदा सुप्तावस्थेत असतो आणि त्याला मुळे उशिरा व विरळ फुटतात. त्याऐवजी दोन-तीन महिने साठवलेला, लहान आकाराचा, कोरडा कांदा घ्यावा आणि खालच्या चकतीवरची वाळलेली जुनी मुळे चकतीला इजा न करता ब्लेडने खरवडून काढावीत. कांदा मिळण्यात अडचण असेल तर लसणाच्या पाकळ्या वापराव्यात. लसणातही कांद्याप्रमाणे 16 गुणसूत्रे असतात, ती तशीच मोठी असतात आणि मुळे लवकर फुटतात. पाणी रोज बदलावे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या ग्लासातले पाणीही इतके तापते की मुळे तपकिरी पडून कुजू लागतात आणि विभाजन जवळजवळ थांबते. ग्लास ओल्या वाळूत ठेवून कूलरच्या हवेत ठेवला तर काही प्रमाणात निभावते, परंतु खरा उपाय वेगळा आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस हवा निवलेली असताना भरपूर मुळे एकदाच तोडावीत, तीन भाग इथाइल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यांच्या ताज्या मिश्रणात ती एक दिवस ठेवावीत आणि नंतर 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. अशी स्थिर केलेली मुळे काही महिने उत्तम राहतात आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी कांद्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

मुळे केव्हा तोडावीत याबद्दल पुस्तकांत बहुधा सकाळी आठ ते दहा ही वेळ दिलेली असते. ती चुकीची नाही, पण तापमान, कांद्याचा वाण आणि मुळांचे वय यांनुसार ती मागेपुढे होते. एका सकाळी दर तासाला चार-पाच मुळे वेगळ्या बाटलीत टाकून, प्रत्येक बाटलीवर वेळ लिहून, नंतर त्यांची तुलना करावी. आपल्या प्रयोगशाळेची योग्य वेळ त्यातून आपल्याला स्वतःलाच सापडेल आणि ती तुलना विद्यार्थ्यांसाठी एक छोटा प्रकल्पही होईल.

यापुढचा टप्पा मुळे मऊ करण्याचा. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, 60 अंश तापमानाच्या पाण्यावर, साधारण पाच ते दहा मिनिटे मुळे ठेवली की पेशींना चिकटवून ठेवणारा थर सैल होतो. हा टप्पा घाईने उरकला तर पेशी सुट्या होत नाहीत, लांबला तर रंग नीट धरत नाही. नंतर मुळे स्वच्छ पाण्याने धुऊन गुणसूत्रे लाल रंगवणाऱ्या ॲसिटोकार्मिनमध्ये ठेवावीत; रंग फिका येत असेल तर साध्या लोखंडी सुईने ती हलवावीत, कारण लोखंडाच्या अंशामुळे कार्मिनचा रंग गडद होतो. गडद रंगलेले टोक तेवढे एक-दोन मिलिमीटर कापून घ्यावे आणि उरलेले मूळ टाकून द्यावे. विद्यार्थ्यांच्या स्लाइडवर लांबट, आयताकृती पेशींच्या रांगा दिसतात आणि विभाजन कुठेच दिसत नाही, तेव्हा त्यांनी वाढीच्या भागातला तुकडा घेतलेला असतो. 45 टक्के ॲसेटिक ॲसिडच्या थेंबात टोक ठेवून, वर कव्हरस्लिप टाकून, आगकाडीच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकत राहावे. पेशींचा ढग पसरलेला दिसला की टिपकागदाच्या घडीत स्लाइड ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. दाबताना अंगठा आडवा सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. कव्हरस्लिप काचेची आणि पातळ असावी. ऑब्जेक्टिव्हची रचना 0.17 मिलिमीटर जाडीची काच गृहीत धरून केलेली असते, त्यामुळे प्लास्टिकच्या जाड कव्हरस्लिपमुळे चित्र मऊ होते. कडा नेलपॉलिशने बंद केल्या तर नागपूरच्या कोरड्या हवेतही स्लाइड त्या दिवसापुरती टिकते.

आम्ले आणि अल्कोहोल हाताळताना हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या यांबाबत तडजोड करू नये, आणि अल्कोहोलजवळ स्पिरिटचा दिवा पेटवू नये. विभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसिन अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नये. ते विषारी आहे आणि या कामासाठी त्याची गरजही नाही. गुणसूत्रे मोजायचीच असतील तर स्थिर करण्यापूर्वी मुळे पॅराडायक्लोरोबेंझिनच्या संपृक्त द्रावणात तीन-चार तास ठेवावीत, मात्र ते काम शिक्षकांनी करावे. अशा पूर्वप्रक्रियेने तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ओढणारे धागे, मोडतात आणि गुणसूत्रे पेशीभर विखुरतात, म्हणून 16 ही संख्या मोजता येते. पण त्याच कारणाने त्या स्लाइडवर मध्यावस्थेची रांग आणि पश्चावस्था (गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था) सापडत नाहीत. दोन वेगळ्या उद्देशांसाठी दोन वेगळ्या स्लाइड लागतात, आणि छायाचित्राखाली कोणती स्लाइड आहे हे लिहिलेले नसेल तर विद्यार्थी विखुरलेल्या गुणसूत्रांनाच मध्यावस्था समजून बसतात.

आता प्रकाश. बहुतेक प्रयोगशाळांत कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचा प्रकाश एकवटणारा भाग, खाली सरकलेला आणि त्याची झडप पूर्ण मिटलेली आढळते, कारण त्यामुळे बिनरंगाची वस्तूही ठळक दिसते. पण झडप मिटली की ऑब्जेक्टिव्हची बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमता घटते आणि प्रत्येक गुणसूत्राभोवती काळ्या-पांढऱ्या कडा उमटतात. कंडेन्सर वर घ्यावा, आयपीस काढून नळीत पाहावे आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उजळेल इतकी झडप उघडावी. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. कार्मिन लाल असते आणि लाल वस्तू हिरव्या प्रकाशात गडद दिसते, म्हणून दिव्यावर हिरवा फिल्टर ठेवला की गुणसूत्रे जवळजवळ काळी होऊन उठून दिसतात. फिल्टर नसेल तर साध्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे आणि इमेज-जे या मोफत प्रणालीत रंगांचे तीन भाग वेगळे करून फक्त हिरवा भाग ठेवावा. परिणाम जवळपास तोच मिळतो.

यानंतर कॅमेरा. 40 पट आणि 0.65 छिद्रांक (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचा आकडा) असलेले ऑब्जेक्टिव्ह हिरव्या प्रकाशात साधारण 0.42 मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदूच वेगळे दाखवू शकते. आयपीसचा दृश्यांक, म्हणजे त्यातील वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास, 18 असेल तर स्लाइडवर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास 18 भागिले 40, म्हणजे 450 मायक्रोमीटर भरतो. प्रत्येक 0.42 मायक्रोमीटरसाठी दोन पिक्सेल धरले तर वर्तुळाच्या व्यासावर सुमारे 2,150 पिक्सेल पुरतात, म्हणजे संपूर्ण दृश्यासाठी पाच मेगापिक्सेलहून कमी. आपल्या खिशातला फोन याहून कितीतरी अधिक देतो. अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन मोठी फाइल मिळेल, अधिक तपशील मिळणार नाही, कारण तो ऑब्जेक्टिव्हमधून आलेलाच नसतो. आयपीसच्या जागी बसणारे स्वस्त यूएसबी कॅमेरे बहुधा दृश्याचा मधला लहान तुकडाच टिपतात. चालू चित्र प्रोजेक्टरवर दाखवण्यासाठी ते सोयीचे आहेत, पण आपल्याला संपूर्ण दृश्य हवे आहे, आणि त्यासाठी आयपीसवर घट्ट बसणारा फोनधारक पुरेसा आहे.

फोन वापरताना मुख्य कॅमेराच निवडावा. अनेक फोन वस्तू जवळ आली की आपोआप रुंद भिंगावर जातात, ती सोय बंद करावी. चित्रावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद करावेत, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र न ठेवता किंचित करडी राहील इतका प्रकाश कमी करावा आणि बटण दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी टाइमर लावावा. चित्रावर आडवे पट्टे येत असतील तर ते वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झच्या स्पंदनामुळे येतात. फोनच्या प्रो सेटिंगमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवले की ते बहुधा जातात. फोनची “चित्र आपोआप सुधारणारी” सर्व साधने बंद ठेवावीत, याबाबत माझा आग्रह आहे. ही साधने रेषा धारदार करताना जिथे काही नाही तिथेही पोत निर्माण करतात, आणि विद्यार्थी तो पोत पेशीतला समजून त्याचे चित्र काढतो.

एकाच दृश्याची फाइन फोकस थोडा थोडा फिरवून पाच-सात छायाचित्रे घ्यावीत. ती संगणकावर एकत्र करून सर्वत्र स्पष्ट असे एक चित्र बनवता येते, पण मी वर्गात सुटी छायाचित्रेच देते, कारण वरून खाली जाताना गुणसूत्राचा एखादा हात अदृश्य होतो आणि दुसरा प्रकट होतो, हे पाहताना पेशीला जाडी असते ही गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. याशिवाय स्टेज मायक्रोमीटरचे, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेल्या काचपट्टीचे, एक छायाचित्र त्याच ऑब्जेक्टिव्हने आणि फोनच्या त्याच झूमवर घ्यावे. त्यातला प्रत्येक भाग 10 मायक्रोमीटरचा असतो, आणि त्यावरून प्रत्येक चित्रावर मापपट्टी टाकता येते. “400 पट” असे चित्राखाली लिहिणे निरर्थक आहे, कारण तेच चित्र भिंतीवर मोठे केले की तो आकडा खोटा ठरतो. मापपट्टी चित्राबरोबर वाढते आणि खरी राहते. फाइलच्या नावात वनस्पती, मूळ तोडल्याची तारीख व वेळ, रंगद्रव्य आणि ऑब्जेक्टिव्ह एवढे असावे, आणि मूळ फाइल कधीही न बदलता वेगळी जपावी.

थोडक्यात, आतापर्यंतचा क्रम असा: मऊ केलेले आणि एका थरात पसरलेले मूलाग्र, वर घेतलेला कंडेन्सर, हिरवा प्रकाश, धारकात स्थिर बसवलेला फोन, आणि प्रत्येक चित्रासोबत माप व नोंद.

आता प्राचार्यांच्या शंकेकडे वळते, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नाचा गाभा तोच आहे. इंटरनेटवर मिळणारे चित्र हे कुणीतरी हजारो पेशींतून निवडलेले असते. मध्यावस्थेची सरळ रांग, पश्चावस्थेचे दोन सुबक पंजे, अशी चार निवडक चित्रे शेजारी ठेवली की विद्यार्थ्याच्या मनात असे ठसते की पेशी या चार ठिकाणी थांबत थांबत जाते आणि प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ घालवते. स्वतः घेतलेल्या संपूर्ण दृश्यात त्याला पहिली गोष्ट दिसते ती ही की बहुसंख्य पेशी विभाजित होतच नाहीत; त्या इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, आहेत. विभाजित होणाऱ्यांमध्ये पूर्वावस्था, म्हणजे विभाजनाची सुरुवातीची अवस्था, सर्वाधिक आढळते आणि पश्चावस्था शोधावी लागते. असे का, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतो, आणि त्याचे उत्तर मोजणीतून मिळते.

मी हे काम असे करून घेते. प्रत्येक गटाला पूर्ण दृश्याची चार-पाच छायाचित्रे ए-फोर कागदावर छापून द्यायची आणि प्रत्येक पेशीवर पेन्सिलीने तिच्या अवस्थेचे अक्षर लिहायला सांगायचे. समजा 400 पेशींत 40 विभाजित होताना आढळल्या, तर विभाजन निर्देशांक 10 टक्के. त्यांपैकी 4 पेशी पश्चावस्थेत असतील आणि पेशीचक्राचा, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा, एकूण काळ 20 तास धरला, तर पश्चावस्थेला शंभरावा हिस्सा, म्हणजे सुमारे 12 मिनिटे लागत असणार, असा अंदाज बांधता येतो. हा अंदाज ढोबळ आहे, कारण 20 तास हा आकडा आपण गृहीत धरलेला आहे आणि तापमानानुसार तो बदलतो, हेही त्याच वेळी सांगावे. तरीही स्थिर, मृत पेशींच्या चित्रावरून काळ मोजता येतो, हा विचार सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जितका थक्क करतो तितके या धड्यातले दुसरे काहीही करत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ही मोजणी करताना स्लाइड हलते, तीच पेशी दोनदा मोजली जाते आणि शिक्षकाला कुणाची चूक कुठे झाली ते पाहता येत नाही; कागदावरची खूण मात्र तशीच राहते आणि तिच्यावर चर्चा करता येते.

ती चर्चाच खरी शिकवण आहे. एकच पेशी एक गट उशिराची पूर्वावस्था म्हणून नोंदवतो आणि दुसरा गट मध्यावस्था म्हणून, तेव्हा मी लगेच निवाडा देत नाही. केंद्रकाचे आवरण दिसते का, गुणसूत्रे मधल्या पातळीवर आली आहेत का, असे निकष त्यांच्याकडूनच काढून घेते. मध्यावस्था ध्रुवाच्या दिशेने पाहिली तर रांग दिसत नाही, गुणसूत्रांचे हात बाहेर फेकलेले एक वर्तुळ दिसते. पाठ्यपुस्तकात ते चित्र बहुधा नसते आणि विद्यार्थी त्याला हमखास चुकीचे नाव देतात. तसेच, पुस्तकातील आकृती पुष्कळदा प्राणिपेशीची असते, तिच्यात तारककाय (ध्रुवांवरचा, तर्कुतंतू जिथून निघतात तो लहान घटक) आणि पेशीच्या मध्यभागी पडणारी खाच दाखवलेली असते. कांद्याच्या पेशीत तारककाय नसते आणि अंत्यावस्थेत, म्हणजे शेवटच्या अवस्थेत, खाच पडण्याऐवजी मधोमध पेशीपटल (नव्या भिंतीची सुरुवात) तयार होते. आकृती पाठ केलेला विद्यार्थी छायाचित्रात तारककाय शोधत बसतो, आणि ते का सापडत नाही हे त्याला कळले की दोन प्रकारच्या पेशींतला फरक त्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही.

एक उपक्रम मी विशेष आवर्जून सुचवते. एकेका पेशीची वेगळी कापलेली वीस-पंचवीस छायाचित्रे, नावे न लिहिता आणि क्रम मोडून, गटाला द्यावीत आणि ती घडण्याच्या क्रमाने लावायला सांगावीत. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेमिंग यांच्यासमोर हेच कोडे होते. सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून त्यांनी जे पाहिले ते हाताने रेखाटले, जिवंत पेशींशी ताडून पाहिले आणि 1882 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विभाजनाचा क्रम सविस्तर मांडला. हालचाल प्रत्यक्ष चित्रपटात टिपणे बऱ्याच काळाने सोपे झाले, जेव्हा फ्रिट्स झर्निके यांनी शोधलेल्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीमुळे न रंगवलेली जिवंत पेशी स्पष्ट दिसू लागली. या शोधासाठी त्यांना 1953 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला कुर्ट मिशेल यांनी येना येथे नाकतोड्याच्या वृषणातील पेशींचे विभाजन याच पद्धतीने चित्रित केले, आणि फ्लेमिंग यांच्या काळात जो क्रम तर्काने जुळवावा लागला होता तो पडद्यावर घडताना पाहता आला. हा इतिहास विद्यार्थ्यांनी चित्रे स्वतः जुळवल्यानंतर सांगावा, आधी सांगू नये.

चित्रफितीबद्दल आपण विचारले नव्हते, तरी एक सूचना करते. रंगवलेल्या स्लाइडवरच्या पेशी मृत असतात आणि त्यांचे व्हिडिओ घेण्यात काहीच हशील नाही. जिवंत विभाजन पाहायचे असेल तर ट्रॅडेस्कॅन्शिया या शोभेच्या वनस्पतीच्या न उमललेल्या कोवळ्या कळीतील पुंकेसरांवरचे केस हे त्यासाठी जुने आणि सिद्ध साधन आहे. केसाच्या टोकाकडील पेशी विभाजित होतात आणि त्यांतील गुणसूत्रे रंगाशिवायही ओळखता येतात. दिव्याची उष्णता कमी ठेवून, कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन लावून, फोन दर दहा-वीस सेकंदांनी एक छायाचित्र घेईल असा लावून ठेवावा. यश मिळेलच असे नाही. कळीचे वय योग्य असावे लागते आणि वर्गाच्या तासिकेत ते जमवणे अवघड आहे. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला सुटीत हे काम द्यावे.

याच छायाचित्रांचा आणखी एक उपयोग आपल्या भागाशी जोडता येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 साली कोल्चिसिनचा कांद्याच्या मुळांवरील परिणाम अभ्यासला, आणि पुढे कांद्याची मुळे ही पाण्यातील विषारीपणा तपासण्याची मान्य चाचणी बनली. नाग नदीचे पाणी आणि नळाचे पाणी यांत एकाच वेळी, एकाच जातीचे कांदे ठेवून मुळांची लांबी आणि विभाजन निर्देशांक यांची तुलना बारावीचे विद्यार्थी करू शकतात. नमुना घेताना आणि हाताळताना हातमोजे आवश्यकच आहेत. फरक आढळला तर त्यावरून पाण्यात नेमके कोणते द्रव्य आहे हे कळत नाही, फक्त वाढीला बाधा होते इतकेच म्हणता येते, आणि एका नमुन्यावरून तेवढेही म्हणू नये, ही शिस्त प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून पाळून घ्यावी. मोजणी करणाऱ्या गटाला कोणते छायाचित्र कोणत्या पाण्याचे हे सांगू नये. छायाचित्रे असल्यामुळे ही काळजी घेणे फार सोपे होते.

इंटरनेटवरील चित्रे मी वर्ज्य मानत नाही. फ्लुरोसन्स पद्धतीने रंगवलेले तर्कुतंतू किंवा प्राणिपेशींचे विभाजन आपल्या प्रयोगशाळेत दाखवता येणार नाही, तिथे ती अवश्य वापरावीत. फक्त वापराची मुभा देणारा परवाना तपासावा, घेणाऱ्याचे नाव चित्राखाली लिहावे आणि ती आपल्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या चित्रांच्या नंतर दाखवावीत, म्हणजे आपल्या चित्रात काय दिसले नाही आणि का दिसले नाही हे ते विचारतील.

पंधरा हजार रुपयांबद्दल माझा सल्ला असा की कॅमेरा घेऊ नये. त्या रकमेतून प्रथम भिंगे स्वच्छ करून घ्यावीत आणि 40 पट ऑब्जेक्टिव्ह बुरशीने खराब झाले असेल तर ते बदलावे. मग एक स्टेज मायक्रोमीटर, धातूचा पक्का फोनधारक, काचेच्या चांगल्या कव्हरस्लिप, ताजे ॲसिटोकार्मिन आणि हिरवा फिल्टर घ्यावा. पैसे उरले तर छपाईसाठी ठेवावेत, कारण फोनच्या पडद्यावर मोजणी होत नाही, कागदावर होते. मुळे स्थिर करण्याचे काम नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी दोन-तीन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन उरकावे आणि छायाचित्रांचा पहिला संच डिसेंबरमध्ये तयार करावा. दोन-तीन वर्षांचे संच नोंदींसह साठले की वेगवेगळ्या वर्षांच्या मोजण्या शेजारी ठेवून पुढच्या तुकडीला त्यांतील फरकांची कारणे शोधायला देता येतील.